चार दिवसांसाठीं

गेल्या महिन्यांत धुळ्याच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली, तेव्हां देवघराशेजारची खोली रिकामी करावी लागली आणि त्या निमित्तानें एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगून मगच ह्या महिन्याच्या विषयाकडे वळूं. आमच्या घरीं एक आत्याबाई असत. लहान वयांतच वैधव्य आलेलें, त्यामुळें सारें आयुष्य माहेरींच गेलें. देवघराशेजारची खोली त्यांची. घरांत एक लग्न निघालें आणि पाहुण्यांस जागा पुरेना, तेव्हां वडील मंडळींनीं त्यांस म्हटलें, “अक्का, चार दिवस मागल्या पडवींत राहा, सर्वांचीच सोय होईल.” त्या एक शब्दहि न बोलतां उठल्या. त्यांची पत्र्याची पेटी आम्हींच उचलून पडवींत नेऊन ठेविली. लग्न पार पडलें, पाहुणे गेले. खोलींत आधीं लग्नाचीं भांडीं राहिलीं, मग धान्याचीं पोतीं आलीं, मग मुलांच्या अभ्यासाचें टेबल आलें. आत्याबाई पुढें अकरा वर्षें पडवींतच राहिल्या आणि तेथेंच वारल्या. मध्यें एकदांच त्यांनीं आम्हांस विचारलें होतें, “अरे, ती खोली मोकळी झाली का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरांत कोणी दुष्ट नव्हतें. ‘चार दिवस’ म्हणतांना कोणी खोटेंहि बोललें नव्हतें; तेव्हां सर्वांस ते चार दिवसच वाटत होते.

हें आज सांगण्याचें कारण असें कीं, पॅसिफिक महासागरांतील दूरच्या बेटांवर अणुबॉम्बचे जे प्रयोग झाले, त्यांचा इतिहास आम्ही अलीकडे वाचीत होतों. त्या इतिहासाच्या आरंभींच आम्हांस हेच दोन शब्द भेटले: ‘थोडे दिवस’ आणि ‘सर्वांसाठीं’. बोलणारा आरमाराचा अधिकारी होता, भाषा परकी होती, परंतु सूर आमच्या माजघरांतलाच होता.

वाचकांनीं जगाचा नकाशा उघडावा आणि मुलांसहि शेजारीं बसवावें. हवाई बेटें आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्यावर, विषुववृत्ताच्या किंचित् उत्तरेस, मार्शल बेटें या नांवाचे कांहीं ठिपके दिसतील. लहान सागरी जीवांनीं बांधलेल्या प्रवाळाच्या खडकाचें एक कडें, त्या कड्यावर मण्यांसारखीं ओवलेलीं सखल बेटें, आणि मध्यें सरोवरासारखें शांत पाणी, अशी त्यांची रचना आहे. अशा २९ कड्यांपैकीं एकाचें नांव बिकिनी. तेथील लोक नारळ, केवड्याच्या जातीचीं फळें आणि आंतील सरोवरांतील मासे यांवर पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह करीत. प्रथम जर्मनी, १९१४ पासून जपान आणि १९४४ पासून अमेरिका असे त्यांचे धनी बदलत गेले. १९४७ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं हा मुलूख ‘विश्वस्त’ म्हणून अमेरिकेच्या हातीं सोंपविला. विश्वस्त म्हणजे काय, हें घरांत अज्ञान भावंडांची इस्टेट सांभाळणाऱ्या वडील माणसास सांगावयास नको.

१० फेब्रुवारी १९४६ हा रविवार होता. बिकिनीचे लोक ख्रिस्ती झालेले होते. सकाळची उपासना आटोपल्यावर अमेरिकन आरमाराचे कमोडोर बेन वायट यांनीं त्यांस एकत्र बसवून सांगितलें कीं, मानवजातीच्या कल्याणासाठीं आणि जगांतील युद्धें कायमचीं संपविण्यासाठीं त्यांनीं आपलें बेट तात्पुरतें सोडावें. त्यांचे प्रमुख जूडा यांनीं सर्व कांहीं देवाच्या हातीं आहे अशा अर्थाचें उत्तर देऊन संमति दर्शविली. ज्या आरमारानें नुकतेंच जपानास नमविलें होतें, त्याच्यापुढें मूठभर माणसांच्या नकारास कितीसा अर्थ होता, हें वाचकांनींच ठरवावें. ७ मार्च रोजीं १६७ माणसें आपल्या पूर्वजांचीं थडगीं मागें ठेवून जहाजांत बसलीं.

त्यांस सुमारें २०० किलोमीटर पूर्वेस रोंगेरिक येथें उतरविण्यांत आलें. हें स्थळ बिकिनीच्या एकषष्ठांशाइतकेंच होतें. तेथें नारळ थोडे, आणि कांहीं मासे खाल्ले तर विषबाधा होई. दोन वर्षांत उपासमारीनें माणसांचीं हाडांचीं काडें झालीं. मार्च १९४८ मध्यें त्यांस क्वाजालीन येथें विमानतळाशेजारच्या तंबूंत नेलें, आणि नोव्हेंबरांत किली नांवाच्या एकाकी बेटावर. किलीला आंतलें सरोवरच नाहीं. लाटा सरळ किनाऱ्यावर आदळतात आणि वर्षांतील पुष्कळ दिवस होडी लावतां येत नाहीं. होडी हांकण्यांत आणि मासे धरण्यांत ज्यांचा हातखंडा, ते लोक डब्यांतल्या अन्नाची वाट पाहूं लागले.

इकडे बिकिनीच्या सरोवरांत नव्वदांहून अधिक जहाजें नांगरून १ आणि २५ जुलै १९४६ रोजीं दोन स्फोट करण्यांत आले. दुसरा पाण्याखालीं होता. उसळलेला समुद्र जहाजांवर कोसळला तो किरणोत्सर्गी विष घेऊनच. खलाशांनीं कुंचे आणि साबण घेऊन तीं जहाजें घासलीं, पण हा मळ घासून निघणारा नव्हता; ठरलेला तिसरा प्रयोग रद्द करावा लागला. त्याच जुलैच्या ५ तारखेस पॅरिसमध्यें लुई रेआर नांवाच्या गृहस्थानें स्त्रियांच्या पोहण्याच्या एका तोकड्या पोशाखास ‘बिकिनी’ हें नांव दिलें. आज जग त्या शब्दावरून तो पोशाखच ओळखतें. ज्यांचें गांव गेलें, त्यांस गांवाचें नांवहि आपलें म्हणून उरलें नाहीं.

यानंतर प्रयोग वाढत गेले. १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत मार्शल बेटांवर एकंदर ६७ स्फोट झाले. १ नोव्हेंबर १९५२ रोजीं एनिवेटॉक येथें हायड्रोजन बॉम्बच्या पहिल्या मोठ्या प्रयोगांत एलुगेलाब नांवाचें बेट समूळ नाहींसें झालें. त्याच्या जागीं सुमारें दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा राहिला. १ मार्च १९५४ रोजीं बिकिनीवर ‘ब्राव्हो’ नांवाचा स्फोट झाला. त्याची शक्ति सुमारें ६ मेगाटन भरेल असा अंदाज होता. ती १५ मेगाटन भरली. हिरोशिमाच्या बॉम्बच्या ही सुमारें हजारपट. बॉम्बच्या इंधनांत लिथियम या धातूचे दोन प्रकार होते आणि त्यांपैकीं एक निष्क्रिय राहील असें शास्त्रज्ञांनीं गृहीत धरलें होतें. तो निष्क्रिय राहिला नाहीं. मोठमोठ्या विद्वानांचा हिशेब अडीचपटीनें चुकला, आणि त्याची किंमत जे त्या हिशेबास बसलेहि नव्हते त्यांस मोजावी लागली.

बिकिनीच्या पूर्वेस सुमारें दीडशें किलोमीटरवर रोंगेलाप हें वस्तीचें ठिकाण होतें. स्फोटानंतर कांहीं तासांनीं तेथें आकाशांतून पांढरी भुकटी पडूं लागली. ती जळालेल्या प्रवाळाची राख होती. मुलें तींत खेळलीं. ती पिण्याच्या पाण्यांत आणि अन्नांत मिसळली. लौकरच लोकांस ओकाऱ्या सुरू झाल्या, अंगाची आग होऊं लागली, पुढें केंस गळूं लागले. शेजारच्या रोंगेरिकवर हवामानाची नोंद करणारे २८ अमेरिकन सैनिक होते. त्यांस २ मार्च रोजीं हलविण्यांत आलें. रोंगेलापच्या लोकांस नेण्यासाठीं जहाज आलें तें ३ मार्च रोजीं. त्या वेळीं दहा वर्षांच्या आंत असलेल्या मुलांपैकीं बहुतेकांच्या गळ्यांतील थायरॉईड ग्रंथींत पुढें गांठी झाल्या. त्या दिवशीं अवघा एक वर्षाचा असलेला एक मुलगा १९७२ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं रक्ताच्या कर्करोगानें गेला. ह्या लोकांस १९५७ मध्यें परत गांवीं नेलें होतें. परंतु जमीन निर्धोक नाहीं अशी त्यांची खात्री होत गेली, आणि १९८५ मध्यें त्यांनीं स्वतःच ग्रीनपीस या संस्थेच्या जहाजांतून आपलें गांव सोडलें.

येथें कोणी विचारील कीं, स्फोट तर १९५८ सालींच थांबले. मग बिकिनीचे लोक घरीं कां गेले नाहींत? याचें उत्तर आमच्या जळगांवकडील वाचकांस चटकन समजेल. रावेर-यावलच्या बागाईतदारास ठाऊकच आहे कीं, केळीस पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर लागतें आणि तें जमिनींत कमी पडलें तर झाड उपाशी राहतें. बिकिनीच्या मातींत बॉम्बनें सीझियम नांवाचें किरणोत्सर्गी द्रव्य सोडलें. हें सीझियम रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पालाशाचें भावंड आहे. झाडाच्या मुळास दोहोंतला भेद कळत नाहीं. प्रवाळाच्या वाळूंत पालाश मुळांतच थोडें, म्हणून भुकेलेला माड सीझियम ओढून घेतो आणि तें नारळाच्या पाण्यांत आणि खोबऱ्यांत उतरतें. सीझियमचा जोर निम्म्यावर येण्यास सुमारें ३० वर्षें लागतात. माडास पालाशाचें खत दिल्यास हें शोषण पुष्कळ कमी होतें, असें पुढें प्रयोगान्तीं दिसून आलें. परंतु हें ज्ञान उशिरा आलें. १९६८ सालीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं बेट निर्धोक झाल्याचें जाहीर केलें, पुढें कांहीं कुटुंबें परत जाऊन राहिलीं, मुलें जन्मलीं. आणि अंगांतील सीझियम वाढत असल्याचें दिसल्यावर १९७८ मध्यें त्यांस दुसऱ्यांदा उठविण्यांत आलें. म्हणजे पाय घरांत, माड दारांत, आणि माडाचा नारळ मुलास देणें मात्र अपाय!

एनिवेटॉक येथें १९७७ ते १९८० या काळांत विषारी माती गोळा करून रुनिट बेटावरील एका जुन्या स्फोटाच्या खड्ड्यांत भरली आणि वरून काँक्रीटचा घुमट बांधला. खड्ड्याच्या तळाला मात्र अस्तर नाहीं. भरती-ओहोटीबरोबर समुद्राचें पाणी आंत-बाहेर करतें. नुकसानीचा निवाडा करण्यासाठीं एक न्यायासन नेमलें गेलें. त्यानें २००१ सालीं बिकिनीच्या लोकांस सुमारें ५६ कोटी डॉलर द्यावे असें ठरविलें. पण ज्या निधींतून ते द्यावयाचे, त्यांत तेवढा पैसाच नव्हता. आणि हा दोष एका अमेरिकेच्या माथीं मारून भागणार नाहीं. ब्रिटननें १९५७-५८ मध्यें माल्डन आणि क्रिसमस या बेटांवर, तर फ्रान्सनें १९६६ ते १९९६ पर्यंत मोरुरोआ आणि फांगाटाउफा येथें मिळून १९३ स्फोट केले. या तिन्ही राष्ट्रांस हे प्रयोग आपल्या राजधानीपासून दूर समुद्रांतच करावेसे वाटले, ह्यांतच सर्व आलें.

कोणी म्हणेल, हें सर्व परद्वीपांतलें. खानदेशांत बसून त्याची उठाठेव कशाला? त्यांस आम्ही अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन तालुके दाखवूं. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत आमच्या धुळे जिल्ह्यांतच होता. नर्मदेवरील सरदार सरोवरासाठीं ह्या दोन तालुक्यांतील ३३ आदिवासी गांवांवर पाणी आलें. त्यांत मणिबेली पहिलें. धरण आणि बॉम्ब यांची बरोबरी करण्याइतके आम्ही अविचारी नाहीं. धरणानें कोणाच्या शेतास पाणी मिळतें, कोणाच्या घरीं दिवा लागतो. आमच्या राज्यासहि त्या विजेचा २७ टक्के वांटा आहे. आणि १९७९ च्या लवादाच्या निवाड्यांत जमिनीच्या मोबदल्यांत जमीन द्यावी व ती बुडण्याच्या आधीं द्यावी, असें लेखी तरी होतें. बिकिनीच्या लोकांस तेवढेंहि मिळालें नाहीं. परंतु डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कित्येक जमिनींची सरकारी दप्तरांत नोंदच नव्हती, आणि ज्याची नोंद नाहीं त्याचें गेलें काय, असा प्रश्न निघाला. ‘सर्वांच्या भल्यासाठीं’ हे शब्द तेथेंहि बोलले गेले. ज्यांनीं ते ऐकले, त्यांच्या घरीं त्या विजेचा दिवा कधीं लागला, हें आम्हीं धुळ्या-जळगांवच्या उजेडांत बसलेल्यांनीं क्वचितच विचारलें.

आणि अणुबॉम्बच्या बाबतींतहि आपले हात अगदीं कोरडे नाहींत. २ एप्रिल १९५४ रोजीं, ब्राव्होच्या स्फोटानंतर महिन्याभरांतच, पंडित नेहरूंनीं लोकसभेंत असले प्रयोग निदान तूर्त तरी थांबवावे अशी मागणी केली होती. १९५६ मध्यें भारत सरकारनें डॉ. कोठारी यांच्या देखरेखीखालीं अणुस्फोटांच्या परिणामांवर एक ग्रंथहि प्रसिद्ध केला. पुढें १९७४ आणि १९९८ मध्यें पोखरण येथें भूगर्भांत स्फोट करून आपला देशहि त्याच पंक्तीस जाऊन बसला. त्याचीं कारणें होतीं, आणि त्यांविषयीं सुज्ञांत मतभेद आहेत. तो वाद आज येथें नको. परंतु २०१४ सालीं ह्याच चिमुकल्या मार्शल बेटांनीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत अण्वस्त्रधारी राष्ट्रांविरुद्ध निःशस्त्रीकरणाची फिर्याद नेली, तेव्हां प्रतिवादींत भारताचेंहि नांव होतें. ५ ऑक्टोबर २०१६ रोजीं न्यायालयानें मूळ प्रश्नांत न शिरतां तें प्रकरण आपल्या अधिकारांत येत नाहीं असें ठरविलें. आपण जिंकलों, परंतु फिर्यादी कोण होता हें विसरतां कामा नये.

आतां आमच्या भगिनी विचारतील, एवढ्या मोठ्या राजकारणांत घरांतल्या बायकांनीं काय करावयाचें? त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगतों. ब्राव्होची राख समुद्रांत एका जपानी मासेमारी नौकेवरहि पडली होती. ती जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. तींतील २३ जण आजारी पडले आणि बिनतारी यंत्र चालविणारे कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजीं वारले. बाजारांतील मासळीची धास्ती सर्व जपानभर पसरली. तेव्हां तोक्योच्या सुगिनामी भागांतील सामान्य गृहिणींनीं, ज्यांपैकीं कित्येक एकत्र जमून पुस्तकें वाचीत, अणुप्रयोगांविरुद्ध सह्या गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. सव्वा वर्षांत ती लाट देशभर पसरून तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या.

दुसरी गोष्ट अमेरिकेंतलीच आहे. बॉम्बच्या राखेंतील स्ट्रॉन्शियम हें द्रव्य चुन्यासारखें वागतें. गवतांतून दुधांत आणि दुधांतून मुलांच्या हाडांत व दांतांत शिरतें. सेंट लुई शहरीं १९५८ च्या अखेरीपासून डॉ. लुईझ रीस यांच्या पुढाकारानें मुलांचे पडलेले दुधाचे दांत गोळा करण्यास आरंभ झाला. आयांनीं ते पाकिटांत घालून पाठविले; पुढील बारा वर्षांत तीन लाखांच्या आसपास दांत जमले. प्रयोग वाढले तसें दांतांतील स्ट्रॉन्शियम वाढलें, हें त्यांतून सिद्ध झालें. १९६३ सालीं मॉस्को येथें हवेंत, पाण्याखालीं आणि अंतराळांत स्फोट न करण्याचा करार झाला. त्यावर भारतानेंहि सही केली. एकट्या त्या दांतांनीं तो करार घडविला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु किरणोत्सर्ग कोठें तरी दूरच्या बेटावर राहतो, ही समजूत त्यांनीं खोडून काढली. बेटावरची राख घरच्या पेल्यापर्यंत पोंचते, हें आयांस प्रथम पटलें आणि मागाहून मुत्सद्द्यांस.

आमचें म्हणणें इतकेंच. सर्वांसाठीं कोणीं तरी कांहीं सोडावें लागतें, हें कुटुंबांत राहणाऱ्या माणसास शिकवावयास नको. त्यावांचून चार चुली एक होत नाहींत. परंतु त्याग मागण्यापूर्वीं मागणाऱ्यानें तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत: परत कधीं देणार, न दिल्यास काय देणार, आणि ह्या दोहोंची आठवण कोण ठेवणार. आणि जो घरांत सर्वांत कमी बोलतो त्याच्याकडेच दर वेळीं मागणें जात असेल, तर तो त्याग नव्हे, ती आपली सवय झाली असें समजावें. राष्ट्राचीहि गोष्ट निराळी नाहीं. बिकिनीच्या लोकांनीं आपलें बेट दिलें त्यास आतां ऐंशी वर्षें होत आलीं. किलीवर आणि इतरत्र वाढलेल्या त्यांच्या नातवंडांचा प्रश्न अजून तोच आहे.

डागडुजी ह्या आठवड्यांत पुरी होईल. देवघराशेजारची खोली रिकामीच आहे. आमच्या थोरल्या वहिनी गेलीं दोन वर्षें गुडघ्यांमुळें जिना चढूं शकत नाहींत, आणि ‘सध्यां’ म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत निजतात. खोलीचें काय करावयाचें यावर घरांत बरीच चर्चा झाली, आणि मुलांच्या संगणकासाठीं ती हवी असें बहुमतहि पडलें. आम्हीं मात्र काल वहिनींची पेटी तेथें नेऊन ठेविली आहे.